अक्रोडाचं ठिगळ

इसिडोर स्पिख्टिगनं आपली कार्बाइन, सैन्यातली जुनी बंदूक, आमच्याकडे आणली ती जुन्या घोंगडीत गुंडाळून. काम एवढंसंच होतं. तिच्या लाकडी दस्त्याच्या तळाशी लोखंडी पट्टी असते, तिचा स्क्रू सैल झाला होता. तो आवळायचा आणि नळीतून तेलाचा बोळा फिरवायचा. वेन्डेलिन, माझा नवरा, तेव्हा दुसऱ्याच एका दस्त्याला पॉलिश पेपर मारत होता. त्यानं मान वर न करता कोपऱ्याकडे बोट केलं आणि सांगितलं, ठेव तिथे, नेमबाजीच्या आधी मिळेल.

गवत गुडघ्याला लागलं की आमच्याकडे नेमबाजीचे दिवस येतात. सगळं खोरं मैदानावर लोटतं. शेतकरी, मास्तर, दूधवाला, लग्न ठरलेल्या मुली, सगळे एकेक करून चटईवर आडवे पडतात, आणि पुरेसे गुण मिळाले तर पानांच्या माळेसारखं छोटं पदक छातीला लावून मांडवात कॉफी प्यायला येतात. इसिडोरनं सैन्यात भरती झाल्यापासून एक वर्षही पदक चुकवलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, ओटिलियानं, ती सगळी काळ्या मखमलीवर टाचून स्वयंपाकघरात क्रूसाच्या शेजारी लावली होती. त्या वर्षी इसिडोरनं सत्तरी ओलांडली होती. हे एक घ्यायचं आणि मग बंदूक भिंतीला, असं तो बोलून चुकला होता, आणि ओटिलियानं शेवटच्या ओळीत एका पदकापुरती जागा मोकळीही ठेवली होती.

वेन्डेलिननं जन्मभर सुतारकी केली. हात थांबल्यावर माणूस चिडचिडा होतो, तसा तोही झाला असता, पण त्याच सुमाराला सैन्यानं गोदामं रिकामी करायला घेतली आणि जुन्या कार्बाइन ढिगानं बाहेर आल्या. बर्न-झुरिककडची हौशी माणसं त्या विकत घेत आणि रूप पालटायला आमच्याकडे आणत. कुणाला दस्ता आखूड हवा असे, कुणाला गाल टेकायला उंचवटा, कुणाला नेम धरायचं नवं भिंग बसवून हवं असे. बहुतेकांचं म्हणणं मात्र एकच, ही जुनी दैना घालवा. कारण या बंदुकांचे दस्ते खालच्या अंगानं फार खराब असतात. बर्फात रोवलेले, दगडांवर आपटलेले, खिळ्यांच्या बुटांनी ठेचलेले. वेन्डेलिन दस्त्यावर ओलं फडकं ठेवून माझी इस्त्री फिरवी. वाफेनं दबलेलं लाकूड वर येई. कपड्यांसाठी मी दुसरी इस्त्री आणली, तर त्यानं तीही नेली. मग पेपर, मग जवसाचं तेल, दिवसच्या दिवस तळहातानं चोळून मुरवलेलं. त्याच्या हातून निघालेला दस्ता पाहिला की मला सणासाठी पुसून ठेवलेलं चर्चमधलं बाक आठवायचं.

इसिडोरची बंदूक त्यानं स्क्रू आवळण्यासाठी उघडली आणि मग बंद केलीच नाही. म्हाताऱ्याला शेवटच्या वर्षी चकित करायचं, असं त्याच्या मनात आलं. नेमबाजी क्लबचं मोठं वर्धापनही त्याच वर्षी होतं आणि अध्यक्ष बाल्ट्स रोररनं जुन्या बंदुकांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं. त्यासाठी याहून चांगला नमुना कुठला? वेन्डेलिननं कारखान्याचं दार लावून काम केलं. मलाही बघू दिलं नाही. ज्या दिवशी झालं त्या दिवशी मला हाक मारली, म्हणाला, डोळे मीट, यात एक ठिगळ आहे, बोटांनी शोध. मी दोन्ही हातांनी दस्ता वरपासून खालपर्यंत चाचपला. मासा हातातून फिरावा तसा तो फिरला. मला कुठेच काही लागलं नाही. तेव्हा तो लहान मुलासारखा हसला. कुणाच्या तरी मोडक्या कपाटाची अक्रोडाची फळी त्यानं वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. त्यातला तुकडा लाकडाच्या रेषेला रेष जुळवून बसवला होता. एवढं चांगलं काम आपल्या हातून पूर्वी झालं नव्हतं, असं तो स्वतःच म्हणाला. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. या वयात माणसाला असा आनंद व्हावा, ही त्याचीच कृपा.

शुक्रवारी संध्याकाळी मैदानाजवळच्या क्लबच्या खोलीत प्रदर्शन उघडलं. हिरव्या कापडावर बंदुका मांडल्या होत्या आणि मधोमध इसिडोरची. बर्नहून आलेल्या पाहुण्यांपैकी एक संग्राहक चष्मा वर करून तिच्यावर वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, हा हात व्हायोलिन करणाऱ्याचा आहे. वेन्डेलिन कानापर्यंत लाल झाला.

बाल्ट्सला गप्प राहणं कधी जमलेलं नाही. "ओटिलिया," तो म्हणाला, "तूही एक आठवडा जाऊन राहा वेन्डेलकडे. बघ कशी निघतेस."

"आधी तुझ्यावर करून बघू दे त्याला," ओटिलिया म्हणाली. "पेपर मारता मारता काही शिल्लक राहतं का ते कळेल."

सगळे हसले. इसिडोरही हसला आणि त्यानं बंदूक उचलली. काय केलंस हे, असं तो दोनदा पुटपुटला. त्याला खरंच आवडली होती. मग त्यानं ती सवयीनं खांद्याला लावली. माझी नजर त्याच्या उजव्या हाताकडे गेली आणि तिथेच राहिली.

इसिडोरचा उजवा अंगठा अर्धा आहे. तरुणपणी गवत कापायच्या यंत्रात गेला. तेव्हापासून तो हात त्याच्या खिशात असतो, आणि त्याला भेटलं की सगळं गाव डावा हात पुढे करतं. इतक्या वर्षांत त्या अंगठ्याबद्दल कुणी त्याच्यासमोर बोललं नाही, आणि पाठीमागेही नाही. आम्ही लोक असेच आहोत. त्याला झाकायचं आहे ना, मग आम्हीही झाकतो. अर्ध्या अंगठ्यानं दस्त्याला वेढा बसत नाही, चाप ओढताना मूठ सरकते. म्हणून त्यानं मुठीच्या जागी, दस्त्याच्या उजव्या अंगाला, चाकूनं एक खळगा कोरला होता, तेवढा अंगठा टेकण्यापुरता. हे ओटिलियानं मला एकदा हळू आवाजात सांगितलं होतं, कारण बंदूक तेव्हा त्याची नव्हती, सैन्याची होती. निवृत्तीच्या वेळी सैन्यानं तिच्यावर मालकीचं अक्षर ठोकून ती त्याला दिली, ते फार नंतर. तोवर दरवर्षीच्या तपासणीला ती टेबलावर ठेवावी लागे. पहिल्या वर्षी अधिकाऱ्यानं खळगा पाहिला, मग इसिडोरचा हात पाहिला, आणि काही न बोलता बंदूक पुढे सरकवली. पुढच्यांनीही तेच केलं.

आता तो अंगठा त्या गुळगुळीत लाकडावर फिरत होता. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"इथे जरा खोलगट होतं ना रे?" इसिडोरनं विचारलं.

"होतं," वेन्डेलिन म्हणाला. "आता शोधून दाखव."

लोक पुन्हा हसले. इसिडोरनं अंगठा आणखी थोडा फिरवला. "नाही सापडत," तो म्हणाला. "फार छान केलंस, वेन्डेल." बंदूक त्यानं कापडावर ठेवली आणि हात खिशात घातला.

घरी परतताना वेन्डेलिन बर्नच्या पाहुण्यांबद्दल बोलत होता. पुलापाशी मी थांबले. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही, आणि तेव्हा तर मी एकच शब्द बोलले. अंगठा, म्हटलं. तो दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं तो इसिडोरला डावा हात देत आला होता. त्या हाताला कसली जागा लागत असेल हे खोऱ्यात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तरी त्याला कळायला हवं होतं, कारण दुसऱ्या कुणी तो खळगा बोटांखाली घेतला नव्हता. त्यानं घेतला, आणि त्याला त्यात लाकूडच दिसलं. तो कठड्याला धरून उभा राहिला. त्याचा चेहरा मी पाहिला नाही. असा चेहरा बायकोनंही पाहू नये.

शनिवारी नेहमीसारखी मी चॅपलमध्ये दिवा लावून आले तर वेन्डेलिन कारखान्यात एप्रन बांधून बसलेला. समोर पटाशी. बंदूक क्लबच्या खोलीत कुलपात आहे, किल्ली बाल्ट्सकडे, असं म्हणाला. मी म्हटलं, बाल्ट्सच्या घरी जा. तो म्हणाला, आणि त्याला काय सांगू? मी म्हटलं, मग इसिडोरकडे जा, त्यालाच विचार, तो आला की किल्ली मिळेल. तो हो म्हणाला. एप्रन सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. मी जपमाळ घेऊन बसले पण मन माळेत नव्हतं. बर्नची माणसं प्रदर्शन पाहायला त्या दिवशीही थांबणार होती, आणि ठिगळ काढलं तर त्यांना दाखवायला ते काम उरणार नव्हतं. ते त्यानं बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

मैदानावर आम्ही पोहोचलो तेव्हा इसिडोरची पाळी जवळ आली होती. वेन्डेलिन त्याच्या बरोबरीनं चटईपर्यंत चालत गेला. कठड्याबाहेरून मला त्याचे ओठ हललेले दिसले आणि वाटलं, झालं, बोलला. नंतर कळलं की त्यानं विचारलं होतं, पट्टी आता हलत नाही ना? इसिडोर म्हणाला होता, नाही, घट्ट आहे.

त्या दिवशी त्या चटईमागे गुण पुकारायचं काम वेन्डेलिनचंच होतं. ते दर वर्षी त्याच्याकडेच असे, त्याचा आवाज खणखणीत म्हणून. गोळी सुटली की निशाणापाशी आकडा दिसतो, तो मागे बसलेल्यानं मोठ्यानं सांगायचा. चार सगळ्यात चांगला. इसिडोर आडवा झाला, गाल टेकला, मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. पहिली गोळी गेली.

"तीन."

दुसरी. "तीन." तिसरी. "दोन."

इसिडोर कोपरावर उठून दस्त्याकडे पाहू लागला. अंगठा एका जागी ठेवला, मग दुसऱ्या. पुढच्या गोळ्या त्यानं फार वेळ घेऊन मारल्या. जुना इसिडोर असा वेळ घेत नसे. मग भराभर मारायच्या गोळ्यांची पाळी आली आणि तिथे सगळंच गेलं. तिथे मूठ पुन्हा पुन्हा जागेवर यावी लागते, हाताला ती जागा न शोधता सापडावी लागते. प्रत्येक वेळी नवी गोळी चढवायला बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला की त्याचा हात लाकडावरून घसरत होता. वेन्डेलिनचा आवाज बारीक होत गेला.

"मोठ्यानं सांग," इसिडोर मान न वळवता म्हणाला. "ऐकू येत नाही."

"एक," वेन्डेलिन मोठ्यानं म्हणाला. मग, "दोन." मग, "शून्य."

माझ्या शेजारी ओटिलिया उभी होती. तिनं हातातला रुमाल घडी केला, उलगडला, परत घडी केला. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे.

मांडवात सॉसेज भाजत होते. इसिडोर टेबलाशी आला तेव्हा त्याच्या छातीवर काही नव्हतं. भरती झाल्यापासून पहिल्यांदा. कुणी सरकून त्याला जागा दिली, कुणी श्नाप्सची दारू घातलेली कॉफी पुढे केली. लोकांना बोलायला काही सुचत नव्हतं. अशा वेळी बाल्ट्सला सुचतंच.

"इतकी नटवली तिला," तो म्हणाला, "गोळी झाडायलाच लाजत होती बिचारी."

हसू पसरलं, दुखावणारं नव्हतं. इसिडोरही हसला. "तिचं काही नाही," तो म्हणाला. "डोळे गेले माझे. निशाण सकाळपासून दोन दिसतंय." आणि बर्नच्या पाहुण्यांकडे वळून त्यानं सांगितलं की बंदूक पहिल्यापेक्षाही उत्तम झाली आहे, नेमबाजच जुना झाला.

वेन्डेलिन समोरच बसला होता. त्याच्या छातीला पदक होतं. त्यानं शुक्रवारीच, प्रदर्शन उघडायच्या आधी, पहिल्या पाळीत ते मिळवलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मनात म्हटलं, देवा, याला आता तरी तोंड दे. प्रार्थना करताना माणसानं नीट विचार करून करावी, हे मला त्या दिवशी कळलं.

वेन्डेलिन उभा राहिला. "डोळे ठीक आहेत त्याचे," तो म्हणाला. "मी घालवलं त्याचं पदक. त्याच्या अर्ध्या अंगठ्यासाठी त्यानं दस्त्यात खळगा केला होता. तो मी बुजवला. मला माहीत होतं त्याचा अंगठा कसा आहे. मला सगळं माहीत होतं."

 सगळ्यांच्या नजरा वेन्डेलिनवर नव्हत्या. त्या इसिडोरच्या उजव्या हातावर होत्या. तो हात टेबलावर होता, कपाजवळ. बर्नच्या पाहुण्यांनी वाकून पाहिलं, वाईट हेतूनं नव्हे, संग्राहक जसं पाहतात तसं. टेबलाच्या टोकाला बसलेल्या दोन मुली, ज्यांनी जन्मभर त्याला डावा हात दिला होता, त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. इसिडोरनं हात उचलला, खिशात घातला आणि उठला. कॉफी तशीच होती. ओटिलिया त्याच्यामागून गेली. जाताना तिनं बंदूक घेतली, घोंगडीत न गुंडाळता.

बाल्ट्स म्हणाला, अरे, पण हे सांगायची काय गरज होती? पहिल्यांदाच तो हळू बोलला असेल.

वेन्डेलिननं पदक काढून खिशात टाकलं. घरी आल्यावर ते कुठे गेलं मला ठाऊक नाही. रविवारी आम्ही चर्चमध्ये मिस्साला गेलो. स्पिख्टिग नवराबायकोचं बाक रिकामं होतं.

सोमवारी तो पटाशी आणि छोटी कानस पिशवीत घालून निघाला. एकटा जाऊ नको, मी येते, म्हटलं. तो नको म्हणाला नाही. इसिडोरचं घर चढावर आहे. तो गोठ्यातून बाहेर आला, आम्हाला पाहिलं, पण आत या म्हणाला नाही. पिशवीकडे बघून त्याला कळलंच.

वेन्डेलिन म्हणाला, ठिगळ काढतो, आहे तसं करून देतो, तू फक्त जागा दाखव.

"नको," इसिडोर म्हणाला. "तू चांगलं बसवलंयस ते. आणि तसा खळगा पटाशीनं होत नाही. मी तो चाकूनं केला तेव्हा काटेरी होता. मग चाळीस वर्षं मी तो घासत बसलो."

वेन्डेलिन पिशवी धरून उभा होता. माफ कर म्हणायला आला होता, तेही त्याला म्हणता येईना.

"बंदुकीचं मी तुला शुक्रवारीच माफ केलं होतं," इसिडोर म्हणाला. तो आवाज चढवत नव्हता, गाय दुभती आहे की आटली हे सांगावं तसं सांगत होता. "पदक गेलं, ठीक आहे. डोळ्यांवर घातलं, संपलं होतं. पण अंगठा माझा होता, वेन्डेल. सांगायचा की नाही ते माझं होतं. तू उभा राहिलास ते स्वतःला हलकं करायला. झालास का हलका?"

"नाही," वेन्डेलिन म्हणाला.

इसिडोरनं त्याच्याकडे पाहिलं. मग वर डोंगराकडे पाहिलं. ढग कड्यामागे जमत होते आणि उतारावर गवत कापून पसरलेलं होतं. "दुपारपर्यंत पाऊस पडेल," तो म्हणाला. "आलाच आहेस तर गवत ओढायला दाताळं घे."

मी ओटिलियाबरोबर स्वयंपाकघरात गेले. बटाटे सोलता सोलता आम्ही दोघी खिडकीतून पाहत होतो. मखमल क्रूसाशेजारी होती तिथेच होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही. उतार इतका उभा आहे की नवख्याचे पाय टिकत नाहीत. वेन्डेलिन सुतार माणूस, गवताचं काम त्यानं पोरवयानंतर केलं नव्हतं. तो दोनदा घसरला. इसिडोर वरच्या बाजूला होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही, पण खाली गवत ओढण्याचा वेग थोडा कमी केला.  पहिला थेंब पडायच्या आत गवत गोठ्यात गेलं.

जेवायला चौघे बसलो. मॅकरोनी, बटाटे, वर वितळलेलं चीज आणि शिजवलेली सफरचंदं. मी हळूच प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी क्रूसाची खूण केली. ओटिलिया वाढत होती आणि वेन्डेलिन खात नव्हता. हात टेबलाखाली, मांडीवर. ती म्हणाली, का रे, आवडत नाही का? तो म्हणाला, आवडतं, खातो. पण हात वर येईनात. मला बाजूनं दिसत होतं. दाताळ्याच्या दांड्यानं त्याचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते, काही फोड फुटले होते. पूर्वी कधी असं काही झालं की तो सगळ्यांना दाखवत फिरे.

इसिडोरनं एकदा टेबलाच्या कडेखाली पाहिलं असावं.  पाव त्यानं स्वतःकडे ओढला, छातीशी धरून एक जाड तुकडा कापला, त्याला लोणी लावलं आणि वेन्डेलिनच्या ताटात ठेवला. चाकू धरलेला हात उजवा होता आणि तो त्यानं लपवला नाही. आता लपवून उपयोग तरी काय होता. वेन्डेलिननं बोटांच्या टोकांनी तो तुकडा उचलला आणि खाली मान घालून खाल्ला. तो संपायच्या आत इसिडोर दुसरा कापत होता.